फटफटीचा कंप

गेल्या दसऱ्याच्या सकाळीं आमच्या चिंचवडच्या घराच्या अंगणांत तीन दुचाक्या धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून उभ्या केल्या होत्या. पहिली आमची, जवळजवळ चाळीस वर्षांची. दुसरी पुतण्याची, चाकणच्या कारखान्यांत तयार झालेली. आणि तिसरी सूनबाईंची, आकुर्डीस तयार झालेली विजेची. पूजा आटोपल्यावर रीतीप्रमाणें तिन्ही एकेक करून सुरू केल्या. आमची सुरू होतांच तिच्या बैठकीवर ठेवलेल्या तबकांतील अक्षता नाचूं लागल्या आणि कुंकवाचा करंडा सरकत सरकत तबकाच्या कांठाशीं आला. तेंच तबक पुतण्याच्या गाडीवर ठेवलें, तेव्हां अक्षता जागच्या जागीं किंचित् थरथरल्या. सूनबाईंची गाडी सुरू झाली हें तर तबकाला कळलेंच नाहीं. आमचा दहा वर्षांचा नातू टाळ्या पिटून म्हणाला, "आजोबांचीच गाडी खरी! हिच्यांत जीव आहे." पुतण्या चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत गाड्यांचा आवाज व कंप मोजण्याच्या कामावर आहे. तो हंसून म्हणाला, "अरे, जीव कसला! तो दोष आहे. तो काढून टाकण्याचाच तर आम्हांला पगार मिळतो."

जेवणाच्या पंक्तीस श्रीखंडाबरोबर हाच वाद वाढला गेला. नातवाचा पक्ष असा, कीं गाडी थरथरली नाहीं तर गाडीवर बसल्यासारखें वाटतच नाहीं. पुतण्याचा पक्ष असा, कीं कंप म्हणजे सैल झालेले बोल्ट आणि दुखणारीं मनगटें, यापलीकडे कांहीं नव्हे. घरांतील वडील या नात्यानें निवाडा आमच्याकडे आला. आम्हीं त्या दिवशीं "पाहूं" म्हणून वेळ मारून नेली. कारण, खरें सांगावयाचें तर, हे दोन्ही पक्ष आमच्याच अंगावरून गेलेले आहेत. नंतर महिनाभर मनाशीं जें घोळविलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों. यंत्रशास्त्रांत आमची गति मॅट्रिकपलीकडे नाहीं. परंतु जी वस्तु एकतीस वर्षें रोज हातापायांखालीं वागविली, तिच्याविषयीं दोन शब्द बोलण्याचा अधिकार मॅट्रिक झालेल्या माणसासही असावा.

आपल्या भाषेनें या वाहनाचें बारसें केलें तेंच मुळीं त्याच्या आवाजावरून. आगगाडीला आगीवरून नांव मिळालें, बैलगाडीला बैलावरून. मोटारसायकलला मात्र आपल्या वाडवडिलांनीं 'फटफटी' म्हटलें. तिला दोन चाकें आहेत कीं तीन, ती कशावर चालते, याची वास्तपुस्त त्यांनीं केली नाहीं. कानाला जें ऐकूं आलें व अंगाला जें जाणवलें, तेंच तिचें लक्षण ठरलें. म्हणजे कंप हा गाडीचा दोष असेल तर आपण त्या दोषालाच गाडीचें नांव देऊन बसलों आहों.

आम्हीं गाडी घेतली ती १९८६ सालीं. त्या वेळीं आमची शाळा चाकणच्या अलीकडच्या एका खेड्यांत होती. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल, पुढें चिंबळी व कुरुळी असा रोजचा रस्ता. आज त्याच्या दोन्ही अंगांस कारखाने, गोदामें आणि कंटेनरांच्या रांगा आहेत. तेव्हां पूल ओलांडला कीं दोन्हीकडे ज्वारीचीं व कांद्याचीं शेतें लागत. गाडी कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें कारण नाहीं. ती एका सिलिंडरची होती एवढें पुरे. पहिल्या पंधरा दिवसांतच तिची व आमची भाषा जुळली. वाऱ्यामुळें व मालमोटारींच्या गोंगाटामुळें कानांना कांहीं कळत नसे. पण तळहात, तळपाय व टाकीला टेकलेले गुडघे यांना सर्व वर्तमान पोहोंचत असे. गिअर केव्हां बदलावयाचा, चढ केव्हां लागला, तेल बदलण्याचे दिवस केव्हां भरले, हें ठेक्यावरून उमगे. गाडीचा वेगदर्शक कांटा मोडून तीन वर्षें पडला होता, परंतु त्यावांचून आमचें कधीं अडलें नाहीं.

या ठेक्यानें एकदां आम्हांस मोठ्या संकटांतून वांचविलें. पावसाळ्याचे दिवस होते. मोशीचा उतार उतरतांना उजव्या पायाखालच्या नेहमींच्या ठेक्यांत एक निराळीच खरखर मिसळल्यासारखी वाटली. आवाजांत कांहीं फरक नव्हता. शाळेला उशीर होत होता, तरी मन घेईना म्हणून थांबलों. रस्त्याकडेच्या मिस्त्रीनें खालीं वांकून पाहिलें, तों इंजिन चौकटीला बांधणाऱ्या बोल्टांपैकीं एक तुटलेला आणि दुसरा निम्मा बाहेर आलेला! तो म्हणाला, "गुरुजी, बरें झालें थांबलांत. इंजिन सरकलें असतें तर साखळी निसटून मागचें चाक अडकलें असतें." आम्हीं मोठ्या कौतुकानें त्याला सांगितलें, कीं हें आम्हांस पायाला कळलें. त्यावर तो पाना पुसत म्हणाला, "कळलें खरें, पण बोल्ट तोडला तोही त्या थरथरीनेंच." गोष्टीचा पहिला भाग आम्हीं पुढें शंभर जणांना सांगितला. दुसरा भाग सांगण्याचें मात्र पुष्कळ वर्षें राहून गेलें.

संस्कृतांत हालण्याला एकच शब्द नाहीं. 'स्पंद' ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ धातुपाठांत 'किंचित् हालणें' असा दिला आहे. काश्मीरच्या शैव आचार्यांनीं नवव्या शतकांत या एका शब्दाभोंवतीं सबंध दर्शन उभें केलें. चैतन्य म्हणजे निश्चल दगड नव्हे, त्यांत सूक्ष्म स्फुरण सदैव असतेंच, असा त्याचा आशय आहे. आमचा नातू "जीव आहे" म्हणाला तो नकळत त्यांच्याच पंक्तीस जाऊन बसला. परंतु 'वेपथु' असाही एक शब्द आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुनाच्या अंगाला जो कांपरा सुटला, त्याला हा शब्द योजिला आहे. आणि त्या कांपऱ्यासरशीं त्याच्या हातांतून धनुष्य गळूं लागलें, हें सर्वांस ठाऊकच आहे. एक हालणें जिवंतपणाची खूण, तर दुसरें हातचें काम सोडावयास लावणारें. दोहोंना मराठींत आपण 'कंप' असें एकच नांव देतों आणि मग वाद घालीत बसतों.

स्पंदावरून वस्तूचें अंतरंग कळतें, ही गोष्ट आम्हीं याच रस्त्यावर दुसऱ्या प्रकारेंही पाहिली. बजाज कंपनीची जी मोटारसायकल २००१ सालीं बाजारांत आली आणि जिनें चाकणचें नांव देशभर केलें, तिला नांव दिलें 'पल्सर'. पल्सर हा खरोखर एक जातीचा तारा. त्याचे रेडिओ-तरंग नाडीच्या ठोक्यांसारखे अत्यंत नियमितपणें येतात. केंब्रिज येथें १९६७ सालीं जोसेलिन बेल या विद्यार्थिनीस तो प्रथम आढळला. आतां योग असा, कीं चाकणहून याच नाशिक रस्त्यानें पुढें नारायणगांवास गेलें म्हणजे जवळच खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली मोठी रेडिओ-दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची ती दुर्बीण अशा ताऱ्यांच्या अभ्यासासाठीं जगांत नांवाजलेली आहे. तेथें २८ फेब्रुवारीस, विज्ञानदिनीं, शाळांसाठीं प्रदर्शन असतें. आम्ही मुलांना घेऊन गेलों असतां तेथील एका तरुणानें समजावून सांगितलें, कीं तारा दिसत नसला तरी ठोक्यांच्या नियमितपणांत पडणाऱ्या बारीकशा फरकावरून त्याच्या आंत काय चाललें आहे याचा अंदाज बांधतां येतो. वैद्य मनगटावर तीन बोटें ठेवून दुसरें काय करतो? आम्हांला तेव्हां आपल्या गाडीचा फार अभिमान वाटला.

त्या अभिमानाला पहिला धक्का घरांतूनच बसला. आमच्या कुटुंबाचें माहेर राजगुरुनगरास. सणावारीं तिला मागें बसवून चाकणवरून तेथें जाणें होई. एकदां पोहोंचल्यावर ती ओटीवर बसली ती अर्धा तास उठेना. आम्ही सासऱ्यांना गाडीच्या ठेक्याचें वर्णन ऐकवीत होतों. परततांना ती शांतपणें म्हणाली, "अहो, हँडल तुमच्या हातांत असतें, म्हणून गाडी तुमच्याशीं बोलते. मागें बसणाऱ्याशीं ती कधीं बोलली नाहीं. मला फक्त माझी कंबर ऐकूं येते." पंधरा वर्षें ती मागें बसत होती आणि पंधरा वर्षांत आम्हीं तिला एकदांही विचारलें नव्हतें.

दुसरा धक्का आमच्याच बोटांनीं दिला. रस्ता रुंद झाला तसा वेगही वाढला. एका ठराविक वेगापुढें गाडीचा मोजतां येण्याजोगा ठेका नाहींसा होई आणि हँडलांत मधमाशांच्या पोळ्यासारखी एक गुणगुण भरे. शाळेंत पोहोंचलों कीं हातांना मुंग्या आलेल्या असत. पहिल्या तासाला खडू बोटांतून सुटे, फळ्यावरच्या वेलांट्या वांकड्या येत, आणि मागच्या बांकावरचीं मुलें हंसत. आम्ही तें थंडीवर ढकलीत असूं, वैशाखांतही!

हें असें कां होतें, तें पुतण्यानें परवां झोपाळ्यावर बसून कागदावर आकृति काढून समजाविलें. त्याच्या शाळेंत आम्ही गुरुजी होतों; आतां तो आमचा गुरु झाला आहे. तो म्हणाला, काका, गाडीच्या इंजिनांत कंपाचीं दोन कारणें असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिलें कारण इंधनाचा स्फोट. चार स्ट्रोकच्या इंजिनांत क्रँकच्या दोन फेऱ्यांमागें एकदां स्फोट होतो. गाडी उभी असतां मिनिटाला हजार फेरे होत असतील तर पांचशें ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला सुमारें आठ. हा ठोका मोठा, सावकाश आणि जवळजवळ मोजतां येण्यासारखा असतो. दुसरें कारण पिस्टनची येरझार. पिस्टन वर जातो, थांबतो, खालीं येतो, पुन्हा थांबतो. पल्सरच्या दीडशें सीसीच्या इंजिनाचें उदाहरण घ्या. मिनिटाला सहा हजार फेरे झाले कीं सेकंदाला शंभर येरझारा होतात, म्हणजे पिस्टनला सेकंदांत दोनशें वेळां थांबून उलट फिरावें लागतें. अगदीं वरच्या टोंकाला त्याला मागें ओढणारी त्वरा गुरुत्वाकर्षणाच्या हजारपटीहून अधिक असते. शंभर ग्रॅमच्या तुकड्याला वळवावयास त्या क्षणीं शंभर किलोग्रॅमच्या वजनाहून अधिक जोर लागतो. आणि तितकाच जोर उलट इंजिनाला, तेथून चौकटीला, हँडलाला आणि शेवटीं हाताला बसतो. शिवाय फेरे दुप्पट झाले कीं हा जोर चौपट होतो. आमच्या मोजतां येणाऱ्या ठेक्याची गुणगुण कशी झाली, याचा उलगडा तेथें झाला.

यावर उपाय काय? क्रँकवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूस वजन बसवितात. पण तेंही पुरें पडत नाहीं. पिस्टन वरच्या वा खालच्या टोंकाला असतां तें वजन त्याला तोलतें. मात्र मध्येंच तें आडवें फिरतें, तेव्हां त्याला तोलणारें कोणी नसतें आणि तें स्वतःच गाडीला आडवें हालवितें. म्हणून पिस्टनच्या भाराला पुरेल त्याच्या निम्म्याच्या आसपास वजन तेथें ठेवतात व उरलेल्या निम्म्यासाठीं एक निराळा दंड बसवितात. तो क्रँकच्याच वेगानें पण उलट्या दिशेनें फिरतो. उभ्या दिशेस तो मदत करतो आणि आडव्या दिशेस क्रँकवरील वजनाला छेद देतो. या दंडाला कारखान्यांत 'बॅलन्सर' म्हणतात. चाकणलाच तयार होणाऱ्या के.टी.एम.च्या ३७३ सीसीच्या एका सिलिंडरच्या इंजिनांत तो २०१३ सालापासून होता. इतकें मोठें व जलद फिरणारें एक सिलिंडर त्याच्यावांचून हातांत धरवलें नसतें, असें पुतण्याचें म्हणणें. हँडलाच्या टोंकांना जड गोळे व इंजिनाखालीं रबर हे आणखी उपाय. इतकें करूनही एका सिलिंडरचें इंजिन पूर्ण निश्चल होत नाहीं. फेऱ्यांच्या दुप्पट गतीची एक बारीक थरथर मागें उरतेच. अक्षता पुतण्याच्या गाडीवर जागच्या जागीं हालल्या त्या कदाचित् तिनेंच.

हें ऐकून आम्ही म्हणालों, "मग ठोका एक आणि थरथर दुसरी. दुसरी काढून पहिला ठेवतां येणार नाहीं काय?" तो म्हणाला, "येतो. ठेवलाही आहे." रॉयल एन्फील्डच्या जुन्या साडेतीनशें सीसीच्या इंजिनांत व्यास ७० व धांव ९० मिलिमीटर असे. लांब धांव, सावकाश फेरे व गंभीर ठोका यांसाठीं ती गाडी प्रसिद्ध. २०२० सालीं त्यांनीं 'मीटिऑर' गाडीबरोबर नवें इंजिन आणलें. त्यांत बॅलन्सर घातला, पण धांव ८५.८ मिलिमीटर अशी लांबच ठेवली. हाताची थरथर कमी झाली आणि ठोका राहिला. ठोक्याचें मोल व्यापाऱ्यांनीं फार पूर्वींच ओळखलें होतें. अमेरिकेंतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीनें १९९४ सालीं आपल्या इंजिनाच्या आवाजाचीच व्यापारी चिन्ह म्हणून नोंद व्हावी असा अर्ज केला होता आणि २००० सालीं तो सोडून दिला. देवळाच्या घंटेचा नाद कोणी आपल्या नांवावर करून मागावा, तशांतलाच हा प्रकार.

येथवर आलों तेव्हां वाटलें कीं निवाडा झाला. ठोका ठेवावा, थरथर काढावी. नातूही जिंकला, पुतण्याही जिंकला. परंतु आमच्या धाकट्या बंधूंनीं तो निवाडा तेथें संपूं दिला नाहीं.

बंधु आय.टी.आय. होऊन याच औद्योगिक पट्ट्यांतील एका कारखान्यांत लागले आणि आयुष्यभर लोखंडाचे ओतीव भाग हातग्राइंडरनें घांसण्याचें काम करीत आले. त्यांचीं बोटें बधिर झालीं आहेत. पावसाळी हवेंत टोंकें पांढरीं पडतात. सदऱ्याचीं बटणें आतां वहिनी लावतात, आणि पूजेंत पळीभर पाणी घेतांना निम्में सांडतें. डॉक्टरांनीं सांगितलें, कीं हा कंपाचाच परिणाम असून गेलेली संवेदना आतां बहुधा परत यावयाची नाहीं. ही गोष्ट वैद्यकाला नवीन नाहीं. अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत बेडफर्ड येथें यांत्रिक हातोड्यानें दगड कोरणाऱ्या कामगारांचीं अशींच पांढरीं पडलेलीं बोटें डॉ. अॅलिस हॅमिल्टन या बाईंनीं १९१८ सालीं तपासून नोंदलीं. ग्राइंडर निराळा आणि मोटारसायकल निराळी, असें कोणी म्हणेल. परंतु जपानांत मोटारसायकलवरून टपाल वांटणाऱ्या शिपायांचे हात तेथील संशोधकांनीं तपासले, आणि त्यांच्यांतही बधिरता व बोटें पांढरीं पडणें हीं लक्षणें आढळलीं. युरोपांतील राष्ट्रांनीं २००२ सालीं नियम करून कामगारांच्या हातांना आठ तासांत किती कंप चालेल याची मर्यादा घालून दिली. त्या गणिताचें तत्त्व असें, कीं कंप दुप्पट झाला तर कामाचा वेळ निम्मा करून भागत नाहीं. तो चतुर्थांश करावा लागतो.

दसऱ्याच्या दिवशीं आमची गाडी सुरू असतां बंधूंनीं सहज तिच्या टाकीवर हात ठेवला. अक्षता नाचत होत्या, करंडा वाजत होता. ते क्षणभर थांबून म्हणाले, "दादा, आवाज येतो आहे. हाताला कांहीं येत नाहीं." नातवाला त्याचा अर्थ कळला नाहीं. आम्हांला मात्र त्यानंतर श्रीखंड गोड लागलें नाहीं. कंपाचें सुख घ्यावयाचें तर तें घेणारा हात शाबूत पाहिजे, आणि तो हातच कंपानें जातो!

तेव्हांपासून आमच्या गल्लींतील एका मुलाकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहतों. हा घरोघर जेवणाचे डबे व पुडकीं पोहोंचविण्याचें काम करतो; वाकड, रावेत, हिंजवडी असा दहा-अकरा तास गाडीवर असतो. हँडलावर मोबाईल लावलेला, त्याखालीं रबराची जाड गादी. "ही कशाला?" असें विचारल्यावर म्हणाला, "गुरुजी, थरथरीनें कॅमेरा बिघडतो." त्यांत तथ्य आहे. अॅपल कंपनीनें २०२१ सालीं आपल्या ग्राहकांना सूचना दिली होती, कीं मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींवर फोन बसवूं नये, त्या कंपानें त्यांतील भिंगाची यंत्रणा बिघडूं शकते. फोनाला गादी मिळाली. त्याच हँडलावर अकरा तास असलेल्या हातांना गादी नाहीं, सूचना नाहीं, मर्यादाही नाहीं. रविवारीं लोणावळ्यापर्यंत हौसेनें जाऊन येणारा तरुण व हा मुलगा एकाच प्रकारच्या गाडीवर बसतात. पहिल्याला ती थरथर गाडीचा प्राण वाटते, कारण वाटेल तेव्हां तो उतरूं शकतो. दुसऱ्याला उतरण्याची सोय नाहीं.

आकुर्डीची गोष्टही सांगितली पाहिजे. बजाजचा 'चेतक' स्कूटर १९७२ सालीं निघाला, आणि आमच्या पिढींत चेतकसाठीं वर्षानुवर्षें नंबर लावून बसलेलीं घरें होतीं. २००७ सालीं आकुर्डीच्या कारखान्यांत गाड्या तयार होणें थांबलें, तेव्हां चिंचवड-आकुर्डीच्या पुष्कळ घरांत सुतक आल्यासारखें झालें होतें. पुढें २०२० सालीं तेंच नांव घेऊन विजेवर चालणारी गाडी बाजारांत आली, आणि २०२२ च्या जूनमध्यें आकुर्डीस तिचा नवा कारखाना सुरू झाला. सूनबाईंच्या या गाडीवर मागें बसून आम्ही मोरया गोसावींच्या समाधीस गेलों. खरें सांगतों, पहिले दोन दिवस आम्हांस चुकल्यासारखें झालें. हात नाडी शोधीत होते आणि नाडी लागत नव्हती. वेग किती हें सूनबाईंनीं कांट्याकडे पाहून सांगितलें तेव्हां कळलें. तिसऱ्या दिवशीं मात्र पवनेच्या घाटाजवळ देवळाची घंटा गाडीवर बसल्याबसल्या ऐकूं आली. इतकीं वर्षें त्याच रस्त्यानें जाऊनही ती आम्हीं गाडीवरून कधीं ऐकली नव्हती. आमचें कुटुंब त्या गाडीवर मागें बसून राजगुरुनगरास जाऊन आलें आणि उतरल्याबरोबर सरळ चालत माजघरांत गेलें. त्या दिवशीं ती कांहीं बोलली नाहीं. बोलण्याची गरजही नव्हती.

तर आमचा निवाडा असा. नातवाला आम्ही म्हणतों, बाळ, ठेक्यांत सुख आहे हें खरें. तें आम्हीं भोगलें आहे व त्यानें एकदां आमचे प्राणही राखले आहेत. पण तें सुख हँडल धरणाऱ्याचें. मागें कोण बसलें आहे त्याला आधीं विचारीत जा. पुतण्याला म्हणतों, तूं थरथर काढतोस तें पुण्यकर्म आहे. मात्र हौशी माणसाच्या महागड्या गाडींत घातलेला तो दंड डबे पोहोंचविणाऱ्या मुलाच्या स्वस्त गाडींत आधीं घाल, कारण त्याची गरज मोठी. आणि कंप सुखाचा कीं दुःखाचा असें विचारणाऱ्यास आम्ही उलट विचारूं, कीं आपण किती तास बसतां, आणि कंटाळा आल्यावर उतरणें आपल्या हातीं आहे काय? याचें उत्तर मिळालें कीं मूळ प्रश्नाचेंही उत्तर मिळतें.

ज्यांच्या घरीं असा कोणी रोज दूरवर गाडी चालविणारा असेल त्यांनीं थोडें पाळावें. हँडल आवळून धरूं नये, पकड जितकी घट्ट तितका कंप अधिक आंत शिरतो. तासातासानें थांबून बोटें मोकळीं करावीं. थंडींत हातमोजे घालावे, गार पडलेल्या हातांत रक्त कमी खेळतें. इंजिनाचे बोल्ट व हँडलाचें रबर वेळच्या वेळीं तपासून घ्यावें. गाडीवरून उतरल्यावर मुंग्या बराच वेळ राहूं लागल्या, किंवा बोटाचें टोंक पांढरें पडलें, तर आमच्यासारखें तें थंडीवर न ढकलतां डॉक्टरांस दाखवावें.

आमची जुनी गाडी आम्हीं विकली नाहीं. पंधरा दिवसांतून एकदां ती अंगणांत सुरू करतों. नातू टाकीवर हात ठेवून ठोके मोजण्याचा प्रयत्न करतो. पांच मिनिटें झालीं कीं आम्ही त्याचा हात तेथून काढतों आणि गाडी बंद करतों.